काडतूस कोणीं भरलें?



बंदूक हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें नळी येते, दस्ता येतो, चाप येतो. आंत बसलेलें काडतूस मात्र कोणाच्या डोळ्यांपुढें येत नाहीं. वस्तुतः नेम धरणारा मनुष्य आपला गाल ज्या स्फोटापासून वीतभर अंतरावर टेकतो, तो स्फोट त्या काडतुसाच्या पोटांत दडलेला असतो. तें कोणीं भरलें, किती दारूनें भरलें आणि भरल्यावर तें कोणीं डोळ्यांखालून घातलें, ह्या तीन प्रश्नांवर त्याचा डोळा, त्याचा हात आणि प्रसंगीं त्याचे प्राण अवलंबून असतात. लढायांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकिला आहे. आज मी सांगणार आहें तो इतिहास ह्या भरणाऱ्या हाताचा आहे.

काडतूस हा शब्द आपला नव्हे. तो पोर्तुगीजांकडून आला. पिस्तूलही त्यांच्याचकडून आलें. दारू हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ औषध. एकाच शब्दानें औषध, मद्य आणि स्फोटक चूर्ण असे तिन्ही अर्थ वाहावेत ही गंमतच आहे. परंतु तिन्हींत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे माप चुकलें कीं घात. असो.

मी राहतों त्या रहिमतपुरांत विजापूरच्या आदिलशाहींतील सरदार रणदुल्लाखान याची म्हणून दाखविली जाणारी कबर आहे. त्याच्या काळीं, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, आपल्या प्रांतांत जी बंदूक होती ती तोड्याची. शिंगांत किंवा पखालीसारख्या चामडी पिशवींत दारू असे. शिपाई ती मापून नळींत ओती, वर गोळी टाकी, गजानें ठासी, कानावर रंजक घाली आणि जळता तोडा त्यावर टेकवी. ह्यांत वेळ जाई. पाऊस आला तर सर्वच खेळ संपे. तथापि ह्या खटाटोपाचा एक गुण होता. भरणारा आणि उडविणारा एकच होता. दारू दमट आहे कीं कोरडी, बारीक आहे कीं जाडी, हें त्याच्या बोटांना कळत असे. बार जास्त झाला तर ती चूक त्याचीच, आणि शिक्षाही त्यालाच.

दारूची ही काळजी राज्यकर्त्यांनाही होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दुर्गांविषयीं जें प्रकरण आहे, त्यांत दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, आणि आंतील दारू व बाण दर आठ-पंधरा दिवसांनीं बाहेर काढून त्यांना ऊन द्यावें, अशा आशयाची ताकीद आहे. आमच्या शाळेंत मी हें प्रकरण शिकवीत असें तेव्हां मुलांना तटबंदी, झाडें आणि पाण्याचीं टाकीं यांचें मोठें कौतुक वाटे. ह्या दारूच्या वाळवणाकडे कोणी लक्ष देत नसे. मला मात्र तीच ओळ अधिक शहाणपणाची वाटत आली आहे. किल्ल्याचा तट वर्षानुवर्षें उभा राहतो. त्यांतील दारूवर पंधरवड्याला कोणाची तरी नजर फिरावी लागते.

पुढें कागदी काडतूस आलें. कागदाच्या सुरळींत मापलेली दारू आणि तिच्या टोकाला गोळी. कवायती पायदळाचा सारा डोलारा ह्या सुरळीवर उभा राहिला. शिपायानें सुरळीचें टोक दातानें तोडावें, दारू नळींत ओतावी, कागदासह गोळी ठासावी आणि हुकुमासरशी उडवावी. चकमकीची बंदूक ह्या रीतीनें तरबेज शिपाई एका मिनिटांत तीन वेळां उडवूं शके. पण ह्या वेगाची किंमत काय पडली तें पाहा. माप करण्याचें काम रणांगणावरून उठून कारखान्यांतील पाटावर गेलें. शिपायाच्या कमरेच्या तोसदानांत आतां जी वस्तु आली, ती दुसऱ्या कोणीं तरी बांधलेली बंद पुडी होती. आंत काय आहे हें त्याला सांगितलें जाई, दिसत नसे.

बंद पुडीवर विश्वास ठेवावा लागतो. तो उडाला म्हणजे काय होतें, हें १८५७ सालानें दाखविलें. एन्फील्ड रायफलीचें नवें काडतूस नळींत सुरळीत उतरावें म्हणून त्याला वंगण लावीत. त्या वंगणांतील चरबी मक्तेदार पुरवी. ती कोणत्या जनावराची, ह्याची खातरजमा कोणींच केली नव्हती. जानेवारी १८५७ मध्यें कलकत्त्याजवळच्या डमडम येथें कुजबूज सुरू झाली आणि ती छावणीछावणींतून पसरली. सरकारनें महिनाअखेरीस हुकूम काढिला कीं, काडतुसें वंगणाशिवाय द्यावीं आणि शिपायांनीं स्वतः आणलेलें वंगण त्यांना लावावें. उपाय वरवर पाहतां अगदीं सरळ होता. परंतु तोंवर संशय चरबीवरून कागदावर गेला होता. कागदाला ही चकाकी कशाची, असें शिपाई विचारूं लागले, आणि फेब्रुवारीअखेर बऱ्हाणपूर नव्हे, बंगालमधील बेऱ्हामपूर येथें एका पलटणीनें तीं घेण्याचेंच नाकारलें. मग दातानें तोडण्याऐवजीं बोटांनीं फाडण्याची नवी कवायत निघाली. मीरत येथें २४ एप्रिल रोजीं ती दाखविण्यासाठीं नव्वद स्वारांना उभें केलें. त्यांना दिलीं गेलीं तीं काडतुसें जुन्याच, नित्याच्या प्रकारचीं होतीं. तरीही पंचायशीं जणांनीं हात लावला नाहीं. १० मे रोजीं पुढें काय झालें तें सर्वांना ठाऊक आहे.

आपल्याकडे म्हणतात, विश्वास पानिपतांत गेला. कंपनी सरकारचा विश्वास काडतुसांत गेला. त्या उठावाचीं कारणें अनेक होतीं, खालसा केलेलीं संस्थानें होतीं, जमिनी होत्या, अपमान होते. काडतूस हें एकच कारण होतें असें म्हणणें पोरकटपणाचें ठरेल. आमच्या साताऱ्यांत तर खरें दुःख राज्य गेल्याचें होतें. रंगो बापूजी गुप्ते ह्यांनीं त्यासाठीं लंडनांत चौदा वर्षें खेटे घातले होते, आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजीं साताऱ्यास ज्या सतरा जणांना देहदंड झाला, त्यांत त्यांचा मुलगाही होता. मला दाखवावयाचें आहे तें इतकेंच कीं, भरणारा आणि उडविणारा ह्यांच्यामध्यें जें अंतर पडलें होतें, तें केवळ हुकुमानें भरून निघालें नाहीं. स्वतःच्या हातानें तूप लाव, असें सांगण्यास उशीर झाला होता.

ह्यानंतर गोष्टी झपाट्यानें बदलल्या. कागद जाऊन पितळ आलें. गोळी, दारू आणि पेट देणारी टोपी हीं तिन्हीं एका धातूच्या पुंगळींत बसलीं आणि बंदूक तोंडानें न भरतां मागून भरूं लागले. पुण्याजवळ खडकी येथें दारूगोळ्याचा कारखाना १८६९ मध्यें निघाला. पुढें तेथें बनलेल्या काडतुसांच्या बुडावर के आणि एफ हीं इंग्रजी अक्षरें ठोकलेलीं असत. हें शिक्कामोर्तब मला महत्त्वाचें वाटतें. कोणीं भरलें ह्या प्रश्नाला कारखान्यानें दिलेलें तें उत्तर होतें. चूक निघाली तर कोणाच्या दारीं जावयाचें तें त्या दोन अक्षरांवरून कळे. तो कारखाना आजही चालू आहे. जळगांव जिल्ह्यांतील वरणगांव येथें १९६४ मध्यें त्याला जोडीदार मिळाला, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया ह्या सरकारी कंपनीकडे आहेत.

पितळेच्या पुंगळीचा एक विशेष असा कीं बार उडाल्यावर ती नष्ट होत नाहीं. थोडी फुगते, टोपी फुटते, एवढेंच. तिला पुन्हां मूळ आकारांत दाबून, नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी घातली कीं ती पुन्हां काडतूस होते. ह्यांतूनच घरगुती भरणीचा धंदा, किंवा छंद म्हणा, उदयास आला. आणि येथें इतिहासानें एक मौजेची उलटापालट केली आहे. १८६६ च्या सुमारास दोन माणसांनीं दोन प्रकारच्या टोप्या काढिल्या. एक इंग्लंडांतील वुलविचचे एडवर्ड बॉक्सर, दुसरे अमेरिकेचे हायरम बर्डन. बॉक्सरच्या पद्धतींत पुंगळीच्या बुडाशीं मधोमध एक भोंक असतें. त्यांतून सळई घातली कीं फुटकी टोपी बाहेर पडते. बर्डनच्या पद्धतींत भोंकें बाजूला असतात, त्यामुळें टोपी काढणें जिकिरीचें होतें. इंग्रजाची टोपी अमेरिकेनें उचलली, आणि अमेरिकनाची टोपी युरोपांतील बहुतेक सैन्यांनीं. ब्रिटिशांची सुप्रसिद्ध थ्री-नॉट-थ्रीचीं लष्करी काडतुसेंही बर्डनच्याच घराण्यांतलीं. त्यामुळें अमेरिकेंत शेतकऱ्यापासून पोलिसापर्यंत कोणीही घरच्या मेजावर काडतूस भरूं लागला, आणि इतरत्र ती कला फारशी रुजली नाहीं.

आपल्या देशांत ती रुजली नाहीं ह्याला टोपीपेक्षां मोठें कारण कायदा हें आहे. लॉर्ड लिटन ह्यांच्या कारकीर्दींत १८७८ मध्यें हत्यारांचा कायदा झाला. देशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षींचा. परवान्यावांचून हत्यार बाळगणें आणि बनविणें गुन्हा ठरला. साहेब शिकारी आणि संस्थानिक आपल्या बारा बोअरच्या बंदुकींसाठीं घरीं काडतुसें भरीत. टोपी बसविण्याचा चिमटा, दारूचें मापटें, कागदी नळीचें तोंड आंत वळविणारी फिरकी असा सरंजाम सागवानी पेटींत असे. सामान्य माणसाच्या हातीं उरली ती ठासणीची बंदूक. कोंकणांत शेतीच्या संरक्षणासाठीं परवाना घेऊन ती आजही वापरतात. रानडुकरें आणि वानरें ह्यांच्यापायीं. म्हणजे रणदुल्लाखानाच्या काळचा तो भरणारा-उडविणारा एक असलेला मनुष्य आपल्याकडे अद्याप आहे, तो शेतकऱ्याच्या रूपानें. स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्यें नवा शस्त्रकायदा झाला, पण त्याच्या पांचव्या कलमानेंही परवान्यावांचून दारूगोळा तयार करण्यास मनाईच आहे. हें मी मुद्दाम सांगतों. नाहींतर पुढील हकीकत ऐकून एखाद्या उत्साही तरुणाला हुरूप यावयाचा.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेंत स्थायिक झाला आहे. तेथें ही भरणी कायद्यानें मोकळी आहे. त्याला पिस्तुलाच्या शर्यतींचा नाद. आठवड्याला दोन-तीनशें बार सहज उडवितो, आणि विकतचीं काडतुसें खिशाला जड जातात म्हणून घरीं भरतो. दोन वर्षांपूर्वीं सुट्टींत तो रहिमतपुरास आला होता तेव्हां म्हणाला, “गुरुजी, मी जुनें यंत्र सोडून चकतीचें घेतलें.” मला कांहींच उमगलें नाहीं. तेव्हां त्यानें पाटीवर आकृति काढून मला जें समजाविलें, तें मला ह्या सर्व इतिहासाचें शेवटचें पान वाटलें, म्हणून सांगतों.

जुनें यंत्र एकटप्पी. लोखंडी चौकट, एक दांडा आणि वर बसविलेला एकच साचा. पन्नास पुंगळ्या घ्यावयाच्या. प्रथम साऱ्या पन्नास दाबून फुटक्या टोप्या काढावयाच्या. मग पन्नासांना नव्या टोप्या बसवावयाच्या. मग साऱ्या पुंगळ्या लांकडी फळीच्या पन्नास भोंकांत उभ्या करून एकेकींत दारू घालावयाची. मग साचा बदलून गोळ्या बसवावयाच्या, आणि शेवटीं तोंड आवळावयाचें. एकेक पुंगळी चार-पांच वेळां हातांत येते. तासाभरांत पन्नास, फार तर शंभर तयार होतात. कंटाळवाणें काम! पण मध्यें एक क्षण असा येतो कीं, पन्नासही पुंगळ्या उघड्या तोंडानें रांगेंत उभ्या असतात. दिवा धरून एकदां वरून पाहिलें कीं कोणती रिकामी राहिली, कोणतींत दुप्पट पडली, तें तत्काळ दिसतें. शाळेंत प्रार्थनेच्या वेळीं मुलें रांगेंत उभीं असतांना गैरहजर कोण तें जसें शिक्षकाला न मोजतां कळतें, तसेंच हें.

चकतीच्या यंत्रांत हा क्षणच नाहीं. त्यांत खालीं एक फिरती चकती असते आणि तिच्या वर चार-पांच साचे एकाच वेळीं बसविलेले असतात. दांडा एकदां ओढला कीं एका पुंगळीची टोपी निघते, दुसरींत दारू पडते, तिसरींत गोळी बसते, चौथीचें तोंड आवळलें जातें. चकती एक घर सरकते आणि पुन्हां दांडा. प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस ताटलींत पडतें. अमेरिकेंत असें यंत्र स्टार नांवाच्या कारखान्यानें प्रथम चालतें केलें व पोलीसखात्यांनीं तें घेतलें. १९८० च्या आसपास अरिझोनांतील माईक डिलन नांवाच्या गृहस्थानें तें सुधारून सामान्य छंदिष्टाच्या आवांक्यांत आणिलें. यंत्राचे निर्माते ताशीं चारशेंहून अधिक काडतुसांची हमी देतात. साताऱ्या-सांगलीच्या औद्योगिक वसाहतींत ज्यांनीं पत्रा कापणारा टप्प्याटप्प्यांचा साचा चालतांना पाहिला असेल, त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाहीं.

आतां ह्यांतील धोका. पिस्तुलाच्या काडतुसांत जी दारू घालतात तिचें माप दोन-तीन गुंजांचें. एवढीशी दारू पुंगळीचा तळही धड झांकीत नाहीं. म्हणून दोनदां पडली तरी पुष्कळदां ती आंत मावून जाते, सांडून ओरडत नाहीं. दुप्पट दारूनें पिस्तूल फुटतें. आणि मुळींच न पडली तर? ती चूक अधिक कपटी आहे. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळींत शिरते आणि मध्येंच अडकून बसते. बार फुसका गेला असें समजून उडविणाऱ्यानें दुसरी गोळी झाडली कीं ती पहिलीवर आदळते. जलद शर्यतींत हा विचार करण्यास अर्धा क्षणही मिळत नाहीं. ह्या चुका यंत्राच्या स्वभावांतून येतात असें नव्हे. दांडा ओढतांना मध्येंच टोपी अडकली, मनुष्यानें हात थांबविला, चकती मागेंपुढें केली, आणि पुन्हां सुरू करतांना कोणत्या घरांत काय झालें होतें तें विसरला, कीं चूक होते. चालू असतां यंत्र निर्दोष; थांबलें कीं सांभाळा.

माझ्या विद्यार्थ्यानें पहिल्याच महिन्यांत असें एक रिकामें काडतूस भरलें. सुदैवानें तें त्याला घरींच, वजन करतांना सांपडलें. त्यानंतर त्यानें यंत्रावर एक लहान दिवा असा बसविला कीं दारू पडलेल्या पुंगळीच्या तोंडांत प्रकाश जावा, आणि गोळी ठेवण्यापूर्वीं तो प्रत्येक पुंगळींत डोकावून पाहतो. ह्याच कामासाठीं दारूची पातळी चाचपणारा आणि चुकली तर घंटी वाजविणारा एक निराळा साचाही मिळतो. “घंटी आहे, मग डोकावतोस कशाला?” असें मी विचारलें. तो म्हणाला, “घंटीची बॅटरी संपली तर तें मला कोण सांगणार, गुरुजी?” थांबावें लागलें तर चकतीवरच्या साऱ्या पुंगळ्या काढून, रिकाम्या करून, पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावयाचा असाही त्याचा नियम आहे. चार पुंगळ्या वायां गेल्या तरी चालेल. लांब पल्ल्याच्या रायफलीचीं काडतुसें तो आजही जुन्याच एकटप्पी यंत्रावर भरतो. तेथें संख्येपेक्षां प्रत्येक काडतूस दुसऱ्यासारखें असण्याला मोल आहे. त्यानें जुनें यंत्र विकलें नाहीं हें ऐकून मला बरें वाटलें. आपल्याकडे नवें आलें कीं जुनें भंगारांत घालण्याची घाई फार.

कोणी म्हणेल, आमच्या ऑलिंपिकच्या नेमबाजांना ही भरणी येते काय? कोल्हापूर तर आमच्या शेजारीं. तेजस्विनी सावंत ह्यांनीं २०१० मध्यें म्युनिच येथें जागतिक विजेतेपद मिळविलें. राही सरनोबत ह्यांनीं २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक. आणि राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे ह्यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर रायफलीचें कांस्यपदक. ह्या तिघांच्या त्या स्पर्धा पॉइंट टू-टूच्या काडतुसांवरच्या. त्या काडतुसाला निराळी टोपीच नसते. पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कांठांत भरलेला असतो आणि चापाचा घोडा त्या कांठावर आपटतो. तो कांठ एकदां चेपला कीं काडतूस पुन्हां भरणें शक्य नाहीं. म्हणजे जगांतील उत्तमोत्तम नेमबाज दुसऱ्यानें भरलेल्या बंद पुडीवर अवलंबून आहेत; अगदीं १८५७ च्या शिपायासारखे.

फरक आहे तो असा. एका यंत्रावर, एका पाळींत, एकाच मसाल्यानें भरलेल्या काडतुसांच्या घाण्याला कारखाना एक क्रमांक देतो. नामांकित नेमबाज आपली रायफल घेऊन कारखान्याच्या चांचणीघरांत जातो. ती शिकंज्यांत पक्की बसवितात आणि निरनिराळ्या घाण्यांतील काडतुसें तिच्यांतून झाडून पाहतात. ज्या घाण्याचीं छिद्रें कागदावर सर्वांत जवळजवळ पडतात, त्या क्रमांकाच्या पेट्या तो घेतो आणि स्पर्धेसाठीं राखून ठेवितो. प्रत्येक काडतुसांत डोकावणें अशक्य झालें, म्हणून त्याच्या भावंडांची परीक्षा घ्यावयाची, अशी ही युक्ति आहे.

आमच्या शाळेंत छात्रसेनेच्या मुलांना गोळीबारासाठीं नेत, तेव्हां प्रत्येकास मोजून काडतुसें मिळत, आणि शेवटीं मैदानावर वांकून साऱ्या पुंगळ्या वेंचाव्या लागत. दिलेलीं काडतुसें आणि परत आलेल्या पुंगळ्या ह्यांचा मेळ बसेपर्यंत कोणाला घरीं सोडीत नसत. एकदां एक पुंगळी कमी भरली. सायंकाळ झाली तरी वीस-पंचवीस मुलें गवतांत हात घालून शोधीत होतीं. शेवटीं ती एका मुलाच्या बुटांत निघाली. कांठावर घोड्याच्या घावाची एवढीशी खूण, बाकी पितळ नव्यासारखें लखलखीत. हवालदारानें ती पिशवींत टाकली, वहींत आंकडा लिहिला आणि शिट्टी वाजविली.